श्रवण, मनन आणि आजची घाई

भक्तीचे नऊ प्रकार सांगताना प्रल्हादाने पहिले नाव घेतले ते श्रवणाचे. कीर्तन दुसरे, स्मरण तिसरे. अर्चन, वंदन, दास्य, सख्य ही मागून आली आणि आत्मनिवेदन तर अगदी शेवटी. हा क्रम सहज पडलेला नाही. ज्याने ऐकलेच नाही तो गाईल काय आणि आठवील काय? प्रल्हाद स्वतः आईच्या उदरात असताना नारदांचा उपदेश ऐकून भक्त झाला. जन्माच्याही आधी त्याचे श्रवण झाले होते. तेव्हा श्रवणाला पहिला पाट मांडण्याचा अधिकार त्याच्याइतका दुसऱ्या कोणाला असणार?

आता वाचकांनी आपल्याकडे पाहावे. आज ऐकणे कमी झाले असे कोणी म्हणणार नाही. उलट ते फार वाढले आहे. पहाटे काकडा मोबाईलवर लागतो, एस.टी.त शेजारच्या माणसाच्या खिशातून अभंग ऐकू येतो, दुपारी शेतात ट्रॅक्टरवर गाणे चालू असते, रात्री अंथरुणात पडल्यावर बोटाने एक कीर्तन सरकवले की दुसरे येते, दुसरे सरकवले की तिसरे. सकाळी विचारावे, 'काय ऐकलंत हो काल?' तर उत्तर येते, 'लई छान होतं महाराज!' काय छान होते, ते मात्र सांगता येत नाही. जेवण झाले, ढेकरही आला, पण अंगी काही लागले नाही, अशी ही स्थिती आहे. पालथ्या घड्यावर पाणी ही म्हण आपण दुसऱ्यासाठी वापरतो. ती स्वतःस लावून पाहण्याची वेळ आली आहे.

या लेखात एवढेच सांगावयाचे आहे की ऐकणे आणि थांबून विचार करणे ही एकाच कर्माची दोन अंगे आहेत. दुसरे अंग तोडले तर पहिलेही निष्फळ होते. आणि आपल्या संप्रदायाने हे थांबणे प्रत्येकाच्या मर्जीवर सोडलेले नाही. ते कीर्तनात आणि वारीत बांधून ठेवले आहे. ती बांधणी आपण घाईने सोडवीत आहो, म्हणून हा शब्दप्रपंच.

राजाची घाई आणि राजाचे श्रवण

श्रीमद्भागवताचा उगमच मुळी घाईतून झाला आहे. परीक्षित राजा शिकारीला गेला. हरणामागे धावून थकला, भुकेने आणि तहानेने व्याकूळ झाला आणि शमीक ऋषींच्या आश्रमात शिरला. ऋषी डोळे मिटून समाधीत बसलेले. राजाने पाणी मागितले, उत्तर आले नाही. आसन नाही, गोड शब्द नाही. राजाला वाटले, हा माझा अपमान आहे. हे ध्यान खरे आहे की सोंग आहे, हे पाहावयाला त्याला क्षणभर थांबावे लागले असते. तेवढा तो थांबला नाही. पडलेला मेलेला साप धनुष्याच्या टोकाने उचलला, ऋषींच्या खांद्यावर टाकला आणि निघून गेला.

ऋषींचा मुलगा सवंगड्यांबरोबर खेळत होता. त्याच्या कानी ही गोष्ट गेली. राजा तहानलेला होता, थकलेला होता, हे त्याला कोणी सांगितले नाही आणि त्याने विचारलेही नाही. हातात पाणी घेऊन त्याने शाप दिला, की आजपासून सातव्या दिवशी तक्षक राजाला दंश करील. मग बापाजवळ येऊन रडू लागला. त्याच्या रडण्याने शमीक ऋषींनी हळूहळू डोळे उघडले, खांद्यावरचा साप बाजूला टाकला आणि मुलाला विचारले, की तू रडतोस का, तुला कोणी दुखावले का? सगळे ऐकून घेतले, आणि मग मुलालाच बोल लावला, की लहान अपराधाला तू फार मोठा दंड दिलास.

पाहा, या कथेत खरोखर अपमान झाला तो एका शमीकांचा, आणि थांबून ऐकले तेही त्यांनीच. बाकीचे दोघे धावले. एक तहानेने धावला, एक रागाने धावला, आणि दोघांच्या धावण्यातून एका सज्जन राजाचा मृत्यू ठरला. आज अर्धवट ऐकलेल्या एका वाक्यावरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो, मोबाईलवर आलेला मजकूर पुरता न वाचता गावभर पाठवला जातो आणि संध्याकाळी पारावर हमरीतुमरी होते. हे सारे त्या मुलाच्याच वंशातले आहे. शाप देण्यास चूळभर पाणी पुरते. परत घेण्यास सगळी नदीही पुरत नाही.

आता याच राजाचे दुसरे रूप पाहावे. शापाची वार्ता कळली, तेव्हा त्याच्याजवळ सात दिवस उरले होते. आपल्याजवळ सात दिवस उरले असते तर आपण काय केले असते? कागदपत्रे, वाटण्या, दवाखाने, ज्योतिषी, सगळीकडे पळापळ केली असती. राजाने राज्य पुत्राच्या हाती सोपवले, गंगेच्या काठी बसला आणि जमलेल्या ऋषींना विचारले, की मरणाऱ्या माणसाने काय करावे आणि काय ऐकावे? ज्याच्याजवळ वेळ सर्वांत थोडा, तो ऐकावयास बसला.

आणि सांगणारे कोण? शुकाचार्य. हे असे विरक्त की गृहस्थाच्या दारी गायीची धार काढावयास लागतो तेवढाच वेळ थांबावयाचे. न थांबणारा थांबला आणि धावणारा बसला, तेव्हा भागवत झाले. भागवताच्या आरंभीच शुकांनी राजाला खट्वांगाची आठवण दिली आहे. त्या राजर्षीच्या आयुष्याचा एक मुहूर्त उरला होता. मुहूर्त म्हणजे दोन घटका, आपल्या घड्याळाची ४८ मिनिटे. तेवढ्यात त्याने सर्व सोडून हरीला गाठले. तुला तर राजा, सात दिवस आहेत! 'महाराज, वेळच मिळत नाही' असे जो म्हणतो, त्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. परीक्षित नुसता मान डोलावीत बसलेला नाही. बारा स्कंध ऐकावयाचे, दिवस सातच, तरी तो मध्ये थांबवतो आणि विचारतो. सातव्या स्कंधाच्या आरंभी त्याची शंका आहे, की भगवंत सर्वांना सम आहे, सर्वांचा सखा आहे, तर मग इंद्राची बाजू घेऊन त्याने दैत्यांना का मारावे? या प्रश्नाच्या उत्तरातून प्रल्हादचरित्र निघाले, आणि त्या चरित्रात भक्तीचे ते नऊ प्रकार आले, ज्यांत श्रवण पहिले आहे. राजा त्या ठिकाणी 'वा वा' म्हणून पुढे गेला असता तर ही शिदोरी आपल्या हाती लागली नसती. म्हणजे श्रवणाचा महिमाही आपल्याला मिळाला तो ऐकणाऱ्याने थांबून विचारले म्हणून.

श्रवण म्हणजे तात्पर्याचा निश्चय

कानावर आवाज पडला म्हणजे श्रवण झाले असे शास्त्र मानत नाही. पाठशाळेत वेदान्तसार शिकवताना गुरुजी पहिली गाठ मारून देत ती ही, की ग्रंथाचे तात्पर्य ठरवणे याचे नाव श्रवण. ते ठरवण्याची सहा चिन्हे सांगितली आहेत. उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे आरंभ आणि शेवट यांचा मेळ, हे पहिले. अभ्यास, म्हणजे जी गोष्ट पुनःपुन्हा सांगितली जाते ती. अपूर्वता, म्हणजे जे दुसऱ्या साधनाने कळले नसते ते. फल, म्हणजे हे जाणून काय मिळणार. अर्थवाद, म्हणजे त्या विषयाची स्तुती. आणि उपपत्ती, म्हणजे युक्तीने त्याला दिलेला आधार. या सहांच्या कसोटीला लावून मगच म्हणावयाचे, की या ग्रंथाला अमुक सांगावयाचे आहे.

हे सूत्र आपल्या कीर्तनाला लावून पाहा. अभंगाचा पहिला चरण हा उपक्रम आणि संताच्या नाममुद्रेचा शेवटचा चरण हा उपसंहार. प्रत्येक चरणामागून टाळकरी जे धृपद पुन्हा म्हणतात तो अभ्यास. दृष्टांत आणि युक्तिवाद ही उपपत्ती. नाममहिमा गातो तो अर्थवाद. काल्याच्या कीर्तनात प्रसाद वाटतात तो फलाचाच गोड नमुना. आता यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून काढला, तर या सहांपैकी हाती काय लागते? बहुधा एखादा विनोद. विनोद ही कीर्तनातली चटणी आहे. ताटात चटणी असावी, पण कोणी नुसती चटणीच खाऊन उठला तर त्याला जेवलेला कोण म्हणेल?

तुकडा ऐकण्यात केवळ उपाशी राहण्याचा धोका नाही, उलटा अर्थ घरी नेण्याचाही धोका आहे. शास्त्राची रीत अशी की आधी पूर्वपक्ष मांडावयाचा, तोही चांगला बळकट करून. आणि मग सिद्धान्त. गीताच घ्या. आरंभी अर्जुन काय बोलतो? कुळाचा नाश होईल, धर्म बुडेल, भीक मागून खाल्लेले बरे पण गुरूंना मारणे नको. किती धार्मिक बोलणे! ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल. पण भगवंतांच्या उपदेशाला खरा आरंभ होतो तो दुसऱ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकापासून, आणि तो अर्जुनाच्या या बोलण्याला मोह ठरवूनच होतो. जो माणूस दहाव्या श्लोकाला उठून गेला, त्याने गीता ऐकली खरी, पण मोहालाच गीता समजून तो घरी गेला. ७०० श्लोकांत आरंभाचे हे पन्नास-साठ श्लोक ऐकून गेलेला माणूस न ऐकलेल्यापेक्षा अधिक फसला. न ऐकलेला निदान 'मला ठाऊक नाही' असे म्हणतो. हा म्हणतो, 'मी ऐकलंय!'

आणि त्या गीतेचा शेवट कसा आहे? सगळे सांगून झाल्यावर भगवंत 'आता ऊठ आणि मी सांगतो तसे लगेच कर' असे म्हणत नाहीत. सांगितलेल्याचा पुरता विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल ते कर, असे म्हणतात. पुढे पुन्हा विचारतात, की तू हे एकाग्र चित्ताने ऐकलेस ना? दोन्ही सैन्ये समोर उभी आहेत, शंख वाजून गेले आहेत, आणि रथ मध्ये उभा करून जगाचा गुरू शिष्याला विचार करण्यास सवड देतो आहे. याहून अधिक घाईचे ठिकाण तुमच्या-आमच्या आयुष्यात कोणते येणार?

मननाला वाफसा लागतो

श्रवणाने काय सांगितले ते कळते. पण कळले म्हणजे पटले असे नव्हे. 'असे कसे होईल?' ही मनातली अडचण, जिला शास्त्रात असंभावना म्हणतात, ती मननाने जाते. आणि पटले तरी जुनी सवय उलट ओढतच असते. तिला विपरीतभावना म्हणतात, ती निदिध्यासाने जाते. बृहदारण्यकात याज्ञवल्क्यांनी मैत्रेयीला आत्मा पाहावयाचा म्हणून सांगितले, तेव्हा श्रवण, मनन, निदिध्यासन या तिन्ही पायऱ्या मोजून सांगितल्या. मधली पायरी गाळून उडी मारता येत नाही.

हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. पाऊस पडला म्हणून कोणी त्याच घटकेला पाभर घेऊन रानात जात नाही. जमिनीला वाफसा यावा लागतो. पाणी मुरावे, वरचा चिखल सरावा, माती हातात घेतली तर न चिकटता मोकळी व्हावी, मग पेरावे. वाफशाआधी घाई केली तर पाभर भरते, बी दडपते, उगवण होत नाही. श्रवण हा पाऊस आहे, मनन हा वाफसा आहे, आणि आचरण हे पीक आहे. आणखी असे, की वळवाचा पाऊस धो धो पडतो आणि ओढ्याने वाहून जातो. जमिनीत उतरतो तो भिजपाऊस. रात्रभर एकामागून एक दहा कीर्तने मोबाईलवर ऐकणे हा वळीव आहे. गडगडाट पुष्कळ, ओल बोटभर.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आणि श्वेतकेतू या बापलेकांची कथा आहे. मुलगा बारा वर्षे गुरुगृही राहून, सर्व वेद शिकून, चोविसाव्या वर्षी ताठ मानेने घरी आला. बापाने एकच गोष्ट विचारली आणि मुलगा अडला. मग बाप शिकवावयास बसला. त्याने एकच सिद्धान्त नऊ वेळा सांगितला, दर वेळी वेगळ्या दृष्टांताने. आणि दर वेळी मुलगा म्हणतो, की मला पुन्हा समजावून सांगा. बाप कंटाळत नाही, मुलगा लाजत नाही. त्यांतला मिठाचा दृष्टांत पाहा. बाप म्हणाला, हे मीठ पाण्यात टाक आणि उद्या सकाळी माझ्याकडे ये. सकाळी म्हणाला, रात्री टाकलेले मीठ आण. ते कुठे सापडणार? मग वरून चाखावयास लावले, मधून चाखावयास लावले, तळातून चाखावयास लावले, सगळीकडे खारट. दिसत नाही, पण सर्वत्र आहे.

आता सांगा, ढवळून मीठ तेव्हाच विरले नसते का? विरले असते. पण मधली रात्र गेली नसती. ती रात्र हा त्या पाठाचाच भाग आहे. मीठ पाण्यात मुरले आणि प्रश्न मुलाच्या मनात मुरला. आजच्या शिकवण्यातून नेमकी ही रात्र काढून टाकली आहे. विचारले की उत्तर हजर! उत्तर मिळते, पण ते मुरत नाही.

एका सप्ताहात एक तरुण भेटला. मुलगा चांगला, माळकरी. मला म्हणाला, 'महाराज, तुमची कीर्तनं मी मोबाईलवर दीडपट वेगानं ऐकतो. दोन तासांचं कीर्तन दीड तासाच्या आत होतं.'

मी विचारले, 'वाचलेल्या वेळेचं काय करतोस बाळा?'

'दुसरं ऐकतो!'

'आणि त्याच्यातून वाचलेल्या वेळेचं?'

तो हसला. समजला. मी त्याला रागावलो नाही. ऐकण्याची ओढ आहे, हे भाग्यच म्हणावयाचे. एवढेच म्हणालो, की पुढच्या वेळी वाचलेला तो अर्धा तास दुसऱ्याला देऊ नकोस, त्याच कीर्तनाला दे. डोळे मिटून बस आणि अभंगाचे चरण आठवतात का पाहा.

संप्रदायाने केलेली योजना

आपल्या पूर्वजांना माणसाचा स्वभाव ठाऊक होता. 'निवांत बसून विचार करा' असे नुसते सांगून कोणी करणार नाही, म्हणून त्यांनी थांबण्याच्या जागा रचूनच ठेवल्या.

वारकरी कीर्तनाची घडण पाहा. दोन तास आणि अभंग एक! एका अभंगाला धरून बसावयाचे, चरण चरण उलगडावयाचा. कीर्तनकार एक विचार मांडतो आणि थांबतो. मागचे टाळकरी प्रमाण उचलतात, चाल लावतात, मृदंग बोलू लागतो. नव्या माणसाला वाटते, महाराज दम घेताहेत. दम घेतातच, पण त्याहून मोठी गोष्ट तेव्हा श्रोत्यांमध्ये घडते. आताच कानी पडलेला विचार त्या गाण्याच्या वेळात मनात उतरतो. धृपद तेच, पण दुसऱ्या चरणानंतर त्याचा अर्थ वाढलेला, चौथ्यानंतर आणखी वाढलेला. हे मननच आहे, टाळाच्या ठेक्यावर केलेले. माझ्या तरुण कीर्तनकार बंधूंना एवढीच विनंती, की ही जागा घाईने भरून टाकू नका. श्रोते हसले नाहीत म्हणून घाबरू नका. गप्प बसलेला श्रोता पुष्कळदा आत काही मांडीत असतो. १९१७ साली जोग महाराजांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तेथील अभ्यास चार वर्षांचा आहे. बोलावयास शिकण्यास का चार वर्षे लागतात? लागतात ती ऐकावयास शिकण्यास.

श्रीज्ञानेश्वर माउलींनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे एकच मागणे मागितले आहे, ते अवधानाचे. दक्षिणा नाही, मानपान नाही. एवढ्या मोठ्या वक्त्याला जे मागावेसे वाटले ते किती मोलाचे असेल!

आता वारी. आळंदीहून पंढरपूर सुमारे २२५ ते २५० किलोमीटर. मोटारीने पाच-सहा तासांची वाट. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत पोचते. पुण्यात मुक्काम, सासवडला मुक्काम, वाटेत जागोजागी विसावे. पोचणे एवढाच हेतू असता तर ही चाल केव्हाच मोडली असती. पायांना जो वेग आहे तोच मनाला झेपतो, हे वारी शिकवते. चालता चालता अभंग म्हणावा, पुढचे पाऊल टाकावे, तोच चरण पुन्हा म्हणावा. दिवे घाट चढताना तोंडी असलेली ओळ माळशिरसच्या रानात एकाएकी उलगडते, हे चालणाऱ्यांना सांगावयास नको.

आणि संध्याकाळची समाजआरती! तळावर हजारो टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंच करतात आणि एका क्षणात सारे शांत. लाखाचा समाज आणि पान पडले तरी ऐकू यावे! मग हरवले-सापडले ते सांगतात, दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगतात. ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल ती टाळ वाजवीत राहते. तिच्याकडे जाऊन तिचे म्हणणे ऐकले जाते, आणि मग आरती. वाचकहो, यातले मर्म ओळखा. आरतीच्या आधी गाऱ्हाणे आहे. कोणाचे तरी ऐकावयाचे राहिले असेल तर देवाची आरतीही क्षणभर थांबते. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त लावली. त्या शिस्तीत चालण्याइतकेच थांबण्याला आणि ऐकण्यालाही स्थान आहे.

आता हेच घरी लावून पाहावे. तुमच्या घरात कोणाचा टाळ वाजत राहिला आहे? म्हातारी आई तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगते आहे, आणि आपण मोबाईलवरची नजर न काढता 'हं, हं' म्हणतो आहो. सून काही सांगू पाहते आहे. शाळेतून आलेले पोर दाराशी घुटमळते आहे. दंड उंच करावा, सगळे थांबवावे आणि त्यांचे ऐकावे. मग देवापुढे निरांजन लावावे.

काही शंका आणि त्यांचे समाधान

कोणी विचारील, 'महाराज, मग भराभर पारायण करतो ते चूक का?' हिशेब पाहू. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये झाली. प्रचलित प्रतीत ओव्या ९,०३३. सात दिवसांत म्हणावयाच्या तर दिवसाला सुमारे १,२९०. पाच तास बसले तर मिनिटाला चारहून अधिक ओव्या. इतक्या वेगात मनन होणार नाही, हे उघड आहे. पण म्हणून पारायण टाकावे असे नाही. शिक्षाग्रंथांनी पठणाच्या तीन गती सांगितल्या आहेत. द्रुत गती स्वतःच्या पाठांतरासाठी, मध्यम गती प्रत्यक्ष प्रयोगासाठी, आणि विलंबित गती शिष्याला शिकवण्यासाठी. म्हणजे वेग हा दोष नाही. एका गतीचे काम दुसरीकडून करवून घेणे हा दोष आहे. पारायण हे अनुष्ठान आहे. त्याने वाणी पवित्र होते, ग्रंथाशी ओळख राहते. पण अर्थाची भेट व्हावयाची तर विलंबित गतीच पाहिजे. पाणिनीय शिक्षेत वाईट पाठकांची गणना केली आहे, तीत भराभर म्हणणारा आणि अर्थ न जाणणारा असे दोघे एकाच पंक्तीला बसवले आहेत. बहुधा ते दोघे एकाच घरचे असतात.

गायीचे पाहा ना. रानात ती भराभर चरते. चरण्यात घाई असली तरी चालते. पण मग ती सावलीला बसते आणि रवंथ करते. तो रवंथ कोणी करू दिला नाही तर दूध कोठून येणार? पारायण हे चरणे आहे. रवंथ घरी येऊन करावयाचा.

दुसरी शंका पोटापाण्याची. 'तुम्हाला सांगायला काय जातंय? आम्हाला सकाळी सातची गाडी, रात्री नऊला घर.' हे खरे आहे. प्रपंच कोणाला सुटला आहे? पण संप्रदाय कामधंदा सोडा असे म्हणतच नाही. गोरोबा चिखल तुडवीत होते, सावतोबा मळा राखीत होते, सेना न्हावी आपला धंदा करीत होते, जनाबाई जात्यावर बसत होत्या. हात गुंतलेले होते, मन मोकळे होते. आपले उलट झाले आहे. गाडीत बसल्यावर हात रिकामे असतात आणि मन गुंतवण्याचे यंत्र आपण खिशातून आपल्याच हाताने काढतो. सवड मिळत नसते, काढावी लागते. खट्वांगाचा मुहूर्त राहू द्या, त्याचा चौथा भाग म्हणजे बारा मिनिटे. तेवढी सातच्या गाडीतही निघतात.

तिसरी शंका यंत्राची. यंत्राला मी नावे ठेवीत नाही. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला घरबसल्या कीर्तन ऐकू येते, परदेशी नोकरी करणाऱ्या मुलाला आषाढीचे दर्शन घडते, हे लहान उपकार नव्हेत. सुरीने भाजी चिरावी. तिच्यावर बोट ठेवून सुरीला दोष देऊ नये.

नित्य आचरणासाठी

वाचून बाजूला ठेवले तर हा लेखही वळवाचाच पाऊस ठरेल. म्हणून पाच साधे नियम सांगतो. सगळे न झाले तर एक धरावा, पण तो सोडू नये.

१) कीर्तनाला वेळेवर जावे आणि शेवटचा चरण झाल्याशिवाय उठू नये. मोबाईल घरी ठेवावा, निदान पिशवीत बंद करून ठेवावा.

२) घरी परतताना सोबत्याशी दुसरे बोलणे काढू नये. आजचा अभंग कोणता, महाराजांनी काय सांगितले, एवढेच बोलावे. आठवले नाही तर दोघांनी मिळून आठवावे.

३) ज्ञानेश्वरीची रोज एक ओवी घ्यावी. एकच. सकाळी वाचावी, दिवसभर मनात ठेवावी, रात्री निजताना तिचा अर्थ स्वतःच्या शब्दांत स्वतःस सांगावा. मधला दिवस हीच श्वेतकेतूची रात्र.

४) राग आला किंवा कोणाविषयी वाईट कानी आले, तर एक हरिपाठ होईपर्यंत उत्तर देऊ नये आणि ते पुढे कोणास पाठवू नये. हरिपाठ झाल्यावरही बोलावेसे वाटले तर बोलावे. बहुधा वाटणार नाही.

५) दर एकादशीस पोटाबरोबर कानांनाही उपवास घडवावा. त्या दिवशी एक तास कोणताही आवाज नको. नाम घ्यावे आणि गप्प बसावे.

या नियमांत एक पैसा खर्च नाही. पण आपल्या पुढची पिढी वारकरी राहणार की नाही, हे बहुतांशी यांवर अवलंबून आहे. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते अशा बायाबापड्यांनी शेकडो अभंग कानांनी घेतले, मनात मुरवले आणि मुलाबाळांच्या कानांत घातले, म्हणून ही परंपरा सातशेहून अधिक वर्षे चालत आली. पोथ्या तर होत्याच. पण पोथी कपाटात राहते, परंपरा कानातून कानात जाते. ती साखळी बाहेरून कोणी तोडू शकले नाही. कानच उघडे राहिले नाहीत तर ती आपोआप गळून पडेल, आणि त्या वेळी कीर्तनांची संख्या आजच्याहून अधिकच असेल!

विटेवरचा तो पांडुरंग कमरेवर हात ठेवून उभा आहे. पुंडलिकाने 'थोडे थांब, आईबापांची सेवा चालली आहे' म्हटले, आणि देव थांबला तो अजून थांबला आहे. भक्ताचा एवढा एक शब्द त्याने ऐकला. त्याच्या दारी जाणाऱ्यांनी घडीभर थांबावे, ऐकावे आणि ऐकलेले मनात मुरू द्यावे, एवढी बुद्धी तो आपणां सर्वांस देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.